पानातला ऑक्सिजन येतो कुठून?

झाड कार्बन डायऑक्साइड घेते, त्यातला कार्बन ठेवते आणि ऑक्सिजन सोडते, असे शाळेच्या वर्गापासून वृक्षारोपणाच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यातला शेवटचा भाग साफ चुकीचा आहे. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा असतो. हे ठरून 80 वर्षे उलटली, तरी जुनेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते.

केंब्रिजचे रॉबर्ट हिल यांनी 1937 आणि 1939 च्या निबंधांत दाखवले की पेशीबाहेर काढलेल्या हरितलवकांना फेरिक ऑक्झलेटसारखा कृत्रिम इलेक्ट्रॉन-ग्राहक दिला, तर प्रकाशात ऑक्सिजन निघतो. तेव्हा साखर मुळीच बनत नव्हती. एरवी पाण्याच्या विघटनातून सुटलेले इलेक्ट्रॉन प्रकाश टिपणाऱ्या प्रकाशप्रणालींमधून एनएडीपी या नैसर्गिक ग्राहकापर्यंत जातात. इथे ते वाटेतच फेरिक लोहाने घेतले.

पदवीच्या प्रयोगशाळेत हेच डीसीपीआयपी या निळ्या रंगद्रव्याने दाखवतात. शिरा काढलेला पालक थंडगार साखरद्रावणात वाटायचा, मलमलीतून गाळायचा, सेंट्रिफ्यूजने हरितलवके वेगळी करायची. त्यांत रंगद्रव्य मिसळून नळी दिव्यासमोर धरली की काही मिनिटांत निळा रंग जातो आणि हरितलवकांचा हिरवा उरतो. पाण्याच्या दोन रेणूंतून ऑक्सिजनचा एक रेणू आणि चार इलेक्ट्रॉन सुटतात. डीसीपीआयपीचा एक रेणू त्यातले दोन घेतो, फेरिसायनाइड एकच.

‘निळा रंग नुसत्या उजेडाने उडतो,’ असे काही विद्यार्थी म्हणतात. मग उकळलेल्या हरितलवकांची नळी त्याच दिव्यापुढे का निळीच राहते? न उकळलेल्या हरितलवकांच्या नळीत उसाच्या शेतात तणांवर वापरले जाणारे डायुरॉन घातले, तरीही ती निळी राहते, कारण ते प्रकाशप्रणाली दोनपासून पुढे जाणारे इलेक्ट्रॉन अडवते.

मात्र हिल यांच्या प्रयोगाने एकट्याने निकाल लागला नाही. 1941 मध्ये रूबेन, कामेन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला शैवालाला ऑक्सिजन-18 हे जड समस्थानिक असलेले पाणी दिले. बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमधले त्याचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळले. नोबेल मिळवलेले ओटो वॉरबुर्ग त्यानंतरही कार्बन डायऑक्साइडचाच आग्रह धरत राहिले. मोठे नाव असले तरी पुरावा बदलत नाही, आणि आज तर या गैरसमजाला कसलेच निमित्त उरलेले नाही.

प्रयोगशाळेतल्या त्या नळीत डीसीपीआयपी झाडाचे अन्न बनवत नाही. ते फक्त इलेक्ट्रॉन स्वीकारते.

असेच इलेक्ट्रॉन घेणारे पॅराक्वाट हे तणनाशक ‘प्रकाशसंश्लेषण थांबवून’ तण मारते, हाही समज अपुरा. ते प्रकाशप्रणाली एककडून इलेक्ट्रॉन घेऊन लगेच ऑक्सिजनला देते. त्यातून सुपरऑक्साइड बनते आणि पेशींची आवरणे फुटतात. म्हणून त्याची फवारणी उन्हात झपाट्याने पाने करपवते, अंधारात मात्र परिणाम फार सावकाश दिसतो. माणसाच्या फुप्फुसातही ते ऑक्सिजनशी असाच खेळ मांडते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.