ऋतू, कविता आणि वर्गातील चित्र

आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात भाषेची तासिका आणि चित्रकलेची तासिका ही जणू दोन निराळी खाती आहेत, असे समजण्याचा शिरस्ता पडून गेला आहे; एकीत पावसावरची कविता पाठ करून घेतली जाते, दुसरीत दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक झोपडी फळ्यावरून कागदावर उतरवली जाते, आणि खिडकीबाहेर जो श्रावण प्रत्यक्ष बरसत असतो त्याच्याशी या दोहोंपैकी एकीचाही संबंध येत नाही. ज्या मुलाच्या गावात मैलभर नदी नाही, तेही नदीच काढते. मुलांची स्वतःची कविता आणि ऋतूचे चित्र ही एकाच अवलोकनातून, एकाच कागदावर उमटू द्यावीत, हा विचार म्हणूनच मला केवळ मनोरंजनाचा न वाटता शिक्षणाच्या गाभ्याचा वाटतो.

या विचाराला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. 1901 साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात झाडांच्या सावलीत विद्यालय काढले, तेथे ऋतू हाच जणू अभ्यासक्रम झाला. आणि विशेष हे की तेथील ऋतूत्सवाची सुरुवात कोण्या आचार्याने नव्हे, तर रवींद्रनाथांच्या शमींद्रनाथ या लहानग्या मुलाने 1907 च्या वसंतपंचमीला केली. त्याच वर्षी तो बालक वारला. उत्सव मात्र राहिला. पुढे वर्षामंगल हा पावसाचा उत्सव आला, 1928 साली वृक्षारोपणाचा सोहळा आला, आणि 1919 मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनातील विद्यार्थी चित्रकार नंदलाल बसूंच्या मार्गदर्शनाखाली गीतांच्या जोडीला अल्पना, म्हणजे रांगोळीसारखी नक्षी, रेखू लागले. विनायक मासोजी हे मराठी चित्रकारही याच कलाभवनात शिकले व तेथेच अध्यापक झाले. 1930 साली निघालेल्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकात रवींद्रनाथांचे शब्द आणि नंदलालांची ठसेचित्रे शेजारी नांदतात. चित्र तेथे शब्दांचे अलंकरण म्हणून येत नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बोलते.

जपानी हायकूकारांची रीतही येथे उपयोगी पडते. हायकूमध्ये ऋतुसूचक शब्द असण्याचा संकेत आहे, आणि बुसोनसारखा कवी स्वतः चित्रकार असल्यामुळे तीन ओळी व चार फटकारे एकाच कागदावर आणीत असे. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला आहे, तेव्हा तो आपल्या शिक्षकांना परका वाटण्याचे कारण नाही. अक्षरे मोजण्याची सक्ती मुलांवर मुळीच करू नये. तीन छोट्या ओळी आणि त्यांत आजच्या ऋतूची एक खूण, एवढी अट पुरे.

प्रत्यक्ष वर्गात काय करावे? प्रथम बाहेर जावे. कुंपणावरचा तेरडा, भिंतीवरचे शेवाळ, पागोळ्यांनी जमिनीत पाडलेले खळगे मुलांना निवांतपणे पाहू द्यावेत आणि ‘काल नव्हते असे आज काय दिसले?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर आधी बोलण्यात यावे, मग लेखणीतून उतरावे, आणि शब्द थकतील तेथून चित्र सुरू व्हावे. यमकाचा आग्रह या वयात घातक आहे, कारण ‘पाऊस’ला ‘हौस’ जुळवण्याच्या नादात मूल आपण पाहिलेला खळगा विसरते. शुद्धलेखन जरूर सुधारावे, पण ते पक्क्या प्रतीत. आकाश हिरवे का, हा प्रश्न चित्रावर शेरा म्हणून न लिहिता मुलाला विचारावा, कारण पुष्कळदा त्याच्याजवळ उत्तर असते.

साहित्याची तजवीज अवघड नाही, आणि रंगपेटी नसलेल्या शाळांनी तर परिसरातून मिळणाऱ्या रंगांचा विशेष लाभ घ्यावा. फाल्गुनात पळसाची फुले पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग निघतो. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, आणि हा पालट पाहताना मुलांना रसायनशास्त्राचा पहिला धडा आपोआप मिळतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणाऱ्या वारली स्त्रियांनी घरातल्याच वस्तूंनी किती मोठी कला उभी केली, हे तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. चुलीतला कोळसाही चालतो. शिशिरातल्या निष्पर्ण फांद्यांना त्याहून योग्य साधन नाही.

तयार झालेल्या कागदांना गुण देऊ नयेत आणि त्यांतून स्पर्धेसाठी निवडही करू नये. वर्गातील प्रत्येक मुलाचा कागद भित्तिपत्रकावर लागावा, आणि वर्षअखेर ते सर्व एकत्र शिवून हस्तलिखित करावे. आपल्या शाळांमध्ये हस्तलिखितांची प्रथा जुनी आहे; तिला केवळ ऋतुक्रमाची जोड द्यायची आहे. मृगाच्या सुमारास शाळा उघडते आणि चैत्र-वैशाखात वर्ष संपते, म्हणजे बहुतेक सारे ऋतू शाळेच्या दारात आपणहून येतात. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या जूनपासून आठवड्यातील भाषेची एक आणि चित्रकलेची एक अशा दोन तासिका सलग लावाव्यात. त्यासाठी वरिष्ठांच्या हुकमाची वाट पाहण्याची गरज नाही.