रंगाखालचा जोड : ट्रॉली व घरातील कच्ची दुरुस्ती वेळीच ओळखा



दिवाळीच्या आसपास कृष्णा, कोयना आणि वारणाकाठच्या गावांत गळीत हंगामाची लगबग सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ट्रॅक्टर बाहेर निघतात आणि कराडपासून मिरजेपर्यंत रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कोणाची दांडी वाकलेली असते, कोणाचा पाटा तुटलेला असतो, तर कोणाला हौदा उंच करून हवा असतो. दोन दिवसांत ट्रॉली दुरुस्त होऊन, रंग लावून दारात उभी राहते. परंतु उसाचे ओझे रंग ओढत नाही, रंगाखालचा जोड ओढतो. तो जोड कसा आहे हे पाहिल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे.

हा दोष आपल्या भागातील कारागिरांच्या कौशल्याचा नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून लोखंडी नांगर, चरक आणि पंप यांची दुरुस्ती करणारे हात सांगली-सातारा भागात गावोगावी तयार झाले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुट्या भागांपासून बनविलेली, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. कल्पकता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नजरेत भरते, दुसरी मात्र तपासावी लागते.

काम कच्चे का राहते?

पहिले कारण घाई. गंज, ग्रीस आणि जुना रंग न खरवडता त्यावरच वेल्डिंग केले जाते. वितळलेले लोखंड वरवर पसरते, पण मूळ लोखंडात शिरत नाही. ओल लागलेल्या वेल्डिंग रॉडमुळे जोडात बारीक छिद्रे राहतात. दोन भागांतील फट मोठी असल्यास आत सळईचा तुकडा टाकून वरून वेल्डिंग केले जाते. असा जोड बाहेरून जाड दिसतो, आतून मात्र पोकळ असतो.

दुसरे कारण लोखंडाची निवड. सर्वच लोखंड सारखे नसते. पाट्याचे पोलाद कठीण व लवचीक असते. त्याला वेल्डिंगची आच लागली की जोडालगतचा भाग ठिसूळ होतो व पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तुटतो. म्हणून तुटलेला पाटा जोडू नये, बदलावा. बिडाच्या भागांचेही तसेच आहे. ते साध्या रॉडने जोडल्यास जोडाशेजारी नवी चीर पडते.

तिसरे कारण असे की, चीर एका दिवसात जीव घेत नाही. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती अखेर तुटते. दांडीच्या जोडातही प्रत्येक खड्ड्याला हेच घडते. केसाएवढी चीर हंगामभर वाढत राहते आणि भरलेली ट्रॉली उतारावर असताना तुटते. विसास एक अशा उतारावर १० टन वजनाची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे ५०० किलोच्या जोराने पुढे ढकलत असते. तिला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सर्व भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि त्या एका दांडीवर येतो. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी चौपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून घाटात किंवा उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नये. चढताना जो हलका गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

ट्रॉली कशी तपासावी?

१) दांडी, हुकाची पट्टी, एक्सल आणि चौकटीचे कोपरे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावेत. रंगावर केसासारखी रेघ असेल व तिच्यातून गंजाचा तांबडा ओघळ आला असेल, तर खाली चीर आहे असेच समजावे.

२) चांगल्या जोडाच्या लहरी एकसारख्या असतात. गोळे, छिद्रे, मध्येच सुटलेली जागा अथवा कडेला पडलेली चर दिसल्यास जोड कमकुवत आहे. लांबी किंवा पुटी भरून गुळगुळीत केलेला जोड तर अवश्य खरवडून पाहावा.

३) शंका आल्यास त्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावून १५ ते २० मिनिटे थांबावे. नंतर कोरड्या फडक्याने पुसून खडूची पूड चोळावी. चीर असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येते व पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. यासाठी खर्च जवळजवळ काही नाही. हे करताना जवळ विडी-काडी अथवा वेल्डिंग चालू नसावे.

४) हुकाच्या पिनेऐवजी सळईचा तुकडा आणि खिट्टीऐवजी खिळा वापरलेला पुष्कळदा आढळतो. सळई भोकात सैल बसते, प्रत्येक धक्क्याला आदळते व झिजते. योग्य जाडीची पिन, खिट्टी आणि दांडीशेजारी मजबूत सुरक्षा साखळी या तिन्ही गोष्टी असाव्यात. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागच्या जोडालाही हाच नियम लावावा.

५) चाकाचे सर्व नट, पाट्याचे यू-बोल्ट आणि टायर पाहावेत. टायर बसविलेल्या डिस्कवर कधीही वेल्डिंग करू देऊ नये. आतील हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो.

६) मागील बाजूस लाल रिफ्लेक्टर व चमकणारी पट्टी असावी आणि उसाच्या वाढ्यांनी ती झाकली जाऊ नये. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ट्रॉली आहे हे समजण्याचा तोच एक आधार असतो.

चीर सापडल्यास तिच्यावर नुसती पट्टी ठोकू नये. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे म्हणजे ती पुढे सरकत नाही. नंतर चीर पूर्ण कोरून, स्वच्छ करून कोरड्या रॉडने भरावी. दांडीला एकापेक्षा अधिक ठिकाणी जुने जोड असतील तर नवी दांडी करून घेणेच स्वस्त पडते.

घरातील वायरिंग

ट्रॉलीची चीर निदान डोळ्यांना दिसते. विजेची कच्ची दुरुस्ती मात्र दिसत नाही आणि तिची झळ बहुधा घरातील स्त्रिया व मुलांना बसते. १५ वॅटच्या साध्या दिव्यातून साधारण ६५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढासा प्रवाह छातीतून गेला तरी हृदय थांबू शकते. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पूर्वी अनेक घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. पुढे दुरुस्तीत लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे पाइप बसविले गेले. तार नळालाच बांधलेली राहिली, पण तिचा जमिनीशी संबंध तुटला. आता मोटारीत दोष निर्माण झाल्यास तोटी आणि मोटारीची बॉडी यांत वीज उतरते व फ्यूजही उडत नाही. घरात नळाची दुरुस्ती झाली असेल तर अर्थिंगची तार कोठे जाते ते आजच पाहावे.

विहिरीवर एक तार फेजची व दुसरी जमिनीत पुरलेल्या सळईला जोडून दिवा लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. जमीन कोरडी पडली किंवा जोड सैल झाला की ती सळईच जिवंत तार होते. ही पद्धत पूर्ण बंद करावी.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे होय. फ्यूज का उडतो याचे कारण शोधावे. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला किंवा विजेच्या सर्व्हिस वायरजवळच्या खांबाला बांधू नये, तेथे नायलॉनची दोरी वापरावी.

मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र तो अर्थिंगला पर्याय नाही. अर्थिंगची मोजणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी व उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

काम देताना आणि ताब्यात घेताना

कारागिराला रंग लावण्यापूर्वी बोलावण्यास सांगावे. जोड उघडा असतानाच पाहावा आणि मगच रंग लावू द्यावा. चांगला कारागीर याला कधीच नकार देत नाही, कारण त्याचे काम दाखविण्यासारखे असते. वापरलेल्या मालाची पावती घ्यावी. भाव ठरविताना "उद्या सकाळी पाहिजे" हा हट्ट सोडावा. अर्धी कच्ची कामे आपल्याच घाईतून होतात.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे. तिची नोंदणी व विमा लागतो आणि कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जुगाड गाड्या हीदेखील मोटार वाहनेच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. परंतु दंडाची भीती हे तपासणीचे खरे कारण नव्हे. दांडी तुटते तेव्हा ट्रॅक्टरचा मालक बहुधा तेथे नसतो. तेथे असतो चालक, उसावर बसलेले तोडणी कामगार व त्यांची मुले आणि समोरून येणारा शाळेचा पोरगा.

तेव्हा हंगामाची पहिली खेप भरण्यापूर्वी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. तारेचा ब्रश, थोडे डिझेल आणि खडू घेऊन ट्रॉलीखाली उतरावे आणि त्याच दिवशी वायरमनला घरी बोलवावे. हे साधे काम प्रत्येक शेतकरी कुटुंबाला करता येण्यासारखे आहे.