धनुर्वाताचे विष आणि शरीराची स्मृती

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात विळा, खुरपे, काटा किंवा खिळा लागणे ही नित्याची बाब आहे. जखमेवर हळद दाबून पुन्हा कामाला लागण्याची आपली रीतही जुनीच. परंतु माती आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू दीर्घकाळ तग धरून असतात. खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, ते वाढतात व विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंतून मेरुरज्जूपर्यंत जाते आणि स्नायूंना सैल ठेवणारे संदेश रोखते. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. त्यावरूनच रोगाला हे नाव पडले.

गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला मात्र तो पुन्हा होऊ शकतो. प्राणघातक ठरणाऱ्या विषाची मात्राच इतकी अत्यल्प असते की, प्रतिकारक पेशी तिने जाग्या होत नाहीत.

या कोड्याची उकल इतिहासात सापडते. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, प्रतिकारक्षम प्राण्याच्या रक्तातील द्रव दुसऱ्या प्राण्याचेही या विषापासून रक्षण करतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या सिरम इन्स्टिट्यूटने आरंभी घोड्यांच्या रक्तापासून असाच प्रतिविषारी द्रव तयार केला. मात्र हे संरक्षण उसने असते; काही आठवड्यांत ते ओसरते.

स्वतःचे संरक्षण लसीतून मिळते. फॉर्मलिनच्या प्रक्रियेने विषाचा घातकपणा जातो, पण त्याची ओळख पटण्याइतके रूप शिल्लक राहते. हे निर्विष केलेले विष दंडात टोचल्यावर पहारेकरी पेशी ते गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन ‘टी’ पेशींपुढे मांडतात. जाग्या झालेल्या ‘टी’ पेशी त्याच विषाला ओळखणाऱ्या ‘बी’ पेशींना साहाय्य करतात. ‘बी’ पेशींची संख्या वाढते. त्यांतील काही प्रतिपिंडे निर्माण करू लागतात, तर काही स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे राहतात. पुढे खरे विष आले, तर प्रतिपिंडे त्याला मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवतात.

ही स्मृती कालांतराने मंदावते. म्हणून ती उजळावी लागते. बालपणीच्या मात्रांनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी ‘टीडी’ लस दिली जाते. ही दोन्ही वर्षे शालेय जीवनातीलच आहेत. गर्भवतीस दिलेल्या लसीची प्रतिपिंडे बाळालाही मिळतात. अशा प्रयत्नांमुळेच माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

तरीही बीजाणू मातीत आहेतच. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणून शेजाऱ्याने घेतलेली लस आपले रक्षण करत नाही. प्रत्येकाने ती स्वतः घ्यावी. पालकांनी मुलांच्या लसीकरणाची नोंद जपावी, आणि जखम झाल्यास ती साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन, ती नोंद घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.