अंगणातली भाजी आणि अंगणातले डास

भाद्रपद सरत आला. जूनमध्ये टोचलेली भेंडी थकली, कडेला गाजरगवत कमरेइतके वाढले आणि मोरीचे पाणी तुंबले. आता हात फिरवला नाही, तर याच अंगणातून घरात ताप शिरतो. कमावते माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळले की तेवढी मजुरी बुडते, दवाखान्याचा खर्च वेगळाच. म्हणून भगिनींनो, आणि बंधूंनो तुम्हीसुद्धा, ही चार कामे दिवाळीआधी उरकून घ्या.

साठलेले पाणी
डेंग्यूचा डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकी, उन्हाळ्यापासून पडलेला कूलर रिकामा करून आतल्या कडा घासाव्यात. अंडी कडेलाच चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. भरलेल्या रांजणावर फडके बांधावे. जुने टायर, फुटके माठ काढून टाकावेत. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात जिरवावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) गावाने घरोघर असे खड्डे करून डास हटवले.

गाजरगवत
जमीन ओली असतानाच, फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे. अंगाला खाज सुटते, म्हणून हाताला पिशवी बांधावी. न फुललेले गवत शेण-मातीबरोबर खड्ड्यात कुजवले तर खत होते. फुललेले खतात घालू नये, बी पसरते.

भेंडीचे बी
'परभणी क्रांती' हा आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण, केवडा रोगाला टक्कर देण्यासाठी काढलेला. तो लावला असेल तर पाने पिवळी न पडलेली दोन-तीन झाडे निवडून त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. बी राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवावे. पुढच्या वर्षीचे बियाण्याचे पैसे वाचतात. संकरित भेंडीचे बी मात्र धरू नये. पुढचे पीक तसेच येत नाही.

नवी पेरणी
आपली काळी माती पाणी धरते आणि परतीचा पाऊस अजून यायचा आहे. म्हणून वाफे वीतभर उंच करून मेथी, पालक, कोथिंबीर पेरावी. धणे रगडून दोन फाका करूनच पेरावेत. मेथी महिनाभरात खुडायला येते, म्हणजे दिवाळीच्या महागाईत घरची भाजी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडून त्यातच पेरावे.

बी उरले तर शेजारणीला मूठभर द्यावे. तिच्या दारातले साठलेले पाणीही त्याच वेळी दोघींनी मिळून ओतून टाकावे, कारण डास कुंपण मानत नाही.