देणे माणसाचे, की भिंतीचे?

घर घेताना आपण शेजार पाहतो, उजेड-वारा पाहतो, विहिरीच्या पाण्याची चव घेऊन पाहतो. दुकानाचा गाळा घेताना रस्ता किती वाहता आहे तेही पाहतो. भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. आकडे मोजणारी ती एक मुकी पेटी. पण जागा हातात आल्यावर हीच पेटी बोलू लागते, आणि तिची भाषा समजायला भल्याभल्यांना वर्ष लागते.

ही गोष्ट आगरदांड्याची आहे. मुरुडच्या दक्षिणेला राजपुरी खाडीच्या काठावर हे गाव आहे. समोरच्या तीरावर दिघी. दिवेआगर-श्रीवर्धनला निघालेली मोटार इथे फेरीबोटीत चढते आणि खाडीचा लांबलचक वळसा वाचवते. सिद्दीचे जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्यानंतर या किनाऱ्याने बंदराची, रेवस-रेडी सागरी महामार्गाची आणि खाडीवरच्या पुलाची स्वप्ने पाहिली. स्वप्ने आली की जमिनीचे भाव चढतात, भाव चढले की बांधकामे उभी राहतात, आणि त्यांतली काही कर्जात बुडतात. अशीच एक दुमजली इमारत माझ्या भाच्याने २०१९ मध्ये एका बँकेच्या लिलावात घेतली. खाली खानावळ आणि जाळी-दोरखंडाचे दुकान, वर पर्यटकांसाठी चार खोल्या, असा त्याचा बेत होता. आईचे दागिने मोडले होते, वर कर्ज होते, आणि कर्जाचा हप्ता खानावळीची चूल पेटण्याची वाट पाहत थांबत नाही.

इमारतीत तीन मीटरच्या जागा होत्या. मीटर एकही नव्हता. नव्या जोडणीसाठी तो वीज कार्यालयात गेला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने जुना ग्राहक क्रमांक घालून पाहिला आणि कागदावर आकडा लिहून दिला: व्याजासह १ लाख ८४ हजार. भाचा म्हणाला, “साहेब, ही वीज मी जाळलेली नाही.” कारकून शांतपणे म्हणाला, “तुमचं नाहीच हो ते. या जागेचं आहे.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे. माणूस देणे सोडून निघून गेला, तर ते देणे त्याच्यामागे जाते की भिंतीला चिकटून राहते?

मी बँकेत नोकरी केली असल्यामुळे लिलावाची बाजू मला ठाऊक होती. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. बोली लागली की पाव रक्कम लगेच भरायची आणि विक्री कायम झाली की उरलेली साधारणतः पंधरा दिवसांत. विक्रीच्या नोटिशीत बँकेने आपल्याला माहीत असलेले बोजे सांगायचे असतात. यातली मेख ‘माहीत असलेले’ या शब्दांत आहे. विजेची थकबाकी बँकेच्या कोणत्याही वहीत नसते, त्यामुळे ती बहुधा कुणाला माहीत नसते. शिवाय नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतातच. घेणाऱ्याला वाटते की हे पडक्या प्लॅस्टरबद्दल आणि गळक्या छपराबद्दल लिहिले आहे.

गावातल्या एका वकिलाने भाच्याला धीर दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ईशा मार्बल्सच्या खटल्यात सांगितले होते की, लिलावात जागा घेणाऱ्यावर आधीच्या ग्राहकाची थकबाकी लादता येत नाही. निकाल खराच होता, पण तो जुन्या वीज कायद्यांच्या काळातला. पुढे २००३ चा वीज कायदा आला, आणि २००५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पुरवठ्याचे नियम केले. त्यांच्या कलम १०.५ नुसार आधीच्या मालकाची किंवा वहिवाटदाराची थकबाकी हा त्या मालमत्तेवरचा बोजा ठरला. म्हणजे कारकुनाचे म्हणणे नियमाला धरूनच होते. मात्र त्याच कलमात पुढे एक परंतुकही होते: वारसाच्या नावे जोडणी होण्याचा प्रसंग सोडला, तर नव्या मालकावर येणारी ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकाराइतकीच राहील. खिडकीवर आकडा दिसतो, परंतुक दिसत नाही. ते आपल्याला घेऊन जावे लागते.

आम्ही अर्ज तयार करत होतो तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कार्यालये बंद, फेरीबोट बंद, पर्यटक नाहीत. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा आणि त्याहून मोठे झोत. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या कितीतरी गावांनी त्या पावसाळ्यात दिवसचे दिवस, काहींनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. बाहेरगावाहून आलेल्या वायरमन मंडळींनी भर पावसात, करोनाची भीती डोक्यावर घेऊन चिखलात खांब उभे केले. त्यांचे ऋण किनारा विसरलेला नाही.

मग एके संध्याकाळी वीज आली. आळीआळीत ओरडा झाला, देवळातला दिवा लागला, कुणाचा तरी दूरदर्शन संच मोठ्याने सुरू झाला. भाच्याची इमारत तेवढी काळोखात राहिली. दारातल्या खांबापर्यंत प्रवाह आला होता. खांबापासून भिंतीपर्यंतचे दहा हात अंतर वादळाने तोडलेले नव्हते, ते कागदाने तोडलेले होते. त्या रात्री फोनवर त्याची आई, माझी बहीण, एवढेच म्हणाली, “दादा, सगळ्यांचं उजळलं रे.”

त्यानंतर आम्ही अर्ज नव्याने लिहिला. तो कसा लिहिला हे सांगणे वाचकांना उपयोगी पडेल. त्यात रडगाणे नव्हते आणि धमकीही नव्हती. विषय, जागेचे वर्णन, विक्री प्रमाणपत्राची तारीख आणि तीनच मागण्या: थकबाकीचा महिनावार तपशील द्यावा, नियम १०.५ च्या परंतुकाप्रमाणे सहा महिन्यांचा आकार काढून कळवावा. तो भरल्यावर नवी जोडणी द्यावी. दोन प्रती, आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का. बँकेत एक गोष्ट मी रोज पाहिली. तोंडी विनंतीला उत्तर देण्याचे बंधन कुणावर नसते, पण आवक क्रमांक पडलेल्या कागदाला काही तरी उत्तर द्यावेच लागते. टेबलामागचा माणूसही भ्यालेला असतो. नियम दाखवला की सही करताना त्याचा हात कापत नाही.

फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. अखेर ४१ हजारांचा आकडा आला. तो भरला, सुरक्षा ठेव भरली. खाऱ्या हवेने खाल्लेले वायरिंग बदलून परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडला. पाण्याच्या नळासाठी ग्रामपंचायतीत मालमत्ता आकारणीचा नमुना ८ नावावर करून घेतला आणि जुनी घरपट्टी-पाणीपट्टी भागवली. ऑक्टोबरात खानावळीची चूल पेटली.

या प्रश्नावर पुढे मोठा निकाल आला. १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ठरवले की, नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपनी घालू शकते. ‘जसे आहे, जेथे आहे’ म्हणून घेणाऱ्याने आधी चौकशी करायला हवी. मात्र त्या खटल्यांतल्या लिलाव-खरेदीदारांनी जोडणीसाठी अर्ज केला त्या दिवसापासून वाढलेले व्याज न्यायालयाने माफ केले.

आता खाडीच्या पलीकडे पाहा. दिघी पोर्ट लिमिटेड ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना तिचे अधिग्रहण पूर्ण केले. या कायद्याची रीत वेगळी आहे. मंजूर झालेल्या योजनेत ज्या जुन्या देण्यांचा समावेश नाही ती संपतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा खटल्यात हे स्पष्ट केले आहे. नव्या मालकाला कोरी पाटी मिळाली नाही तर बुडालेला उद्योग कोणी घेणार नाही, हे त्यामागचे कारण आहे आणि बँकवाला म्हणून ते मला पटतेही. पण याच न्यायाने अलीकडच्या तीरावर चार खोल्यांची बंद इमारत उघडणाऱ्यालाही थोडी कोरी पाटी मिळायला नको का? बंद इमारतीचा उपयोग कुणालाच नाही. वीज कंपनीला तर मुळीच नाही.

कायदा बदलेपर्यंत आपण आपल्यापुरते शहाणे व्हावे. बोली लावण्याआधी दारावरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या आणि वीज कार्यालयातून थकबाकीचा आकडा लेखी मागा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत येणे बाकी नसल्याच्या दाखल्याची चौकशी करा. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे. मीटर नसलेली भिंत दिसली तर ती का रिकामी आहे हे विचारा. पुरवठ्याचे नियम २०२१ मध्ये नव्याने आले आहेत. आपल्या प्रकरणाला लागू होणारे कलम स्वतः वाचा. थकबाकीदारांसाठी मधूनमधून अभय योजना येतात, त्यांवर नजर ठेवा. आणि अडलेच तर २००३ च्या कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे आपले म्हणणे आपल्याला स्वतःच मांडता येते.

देणे भिंतीला चिकटते हे एकदा मान्य केले, तर त्या भिंतीच्या मालकाला वीज आणि पाणी मागण्याचा हक्कही चिकटलेला आहे, हे विसरू नये. अर्ज मिळाल्यावर पुरवठा करणे हे वीज कंपनीचे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे, उपकार नव्हे. ते मागताना आवाज चढवावा लागत नाही. दोन प्रती मात्र काढाव्या लागतात.