नवी विंडोज, जुन्या चित्रफिती आणि संपादनाचा प्रश्न

प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ थांबवले आणि वर्षानुवर्षे निमूटपणे काम करणारे असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, इंटरनेट पाहणे एवढ्यापुरताच ज्यांचा संगणक आहे, त्यांना नव्या 'विंडोज ११'वर जाणे फारसे जड गेले नाही. परंतु लग्न-मुंजींचे चित्रीकरण करून त्यावर घर चालवणाऱ्या तालुक्याच्या गावातील व्हिडिओ व्यावसायिकाची गोष्ट निराळी आहे. घरच्या समारंभांच्या कॅसेट कपाटात जपून ठेवणाऱ्या कुटुंबाचीही निराळीच आहे. नवा संगणक घरी आला की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की आता व्हिडिओचे संपादन करायचे कशात?

संगणकाच्या दुकानात हा प्रश्न विचारला की बहुधा एकाच वाक्यात उत्तर मिळते. सध्या सगळे जण अमुक एक सॉफ्टवेअर वापरतात, तेच टाकून देतो, असे दुकानदार सांगतो. खोक्यावर किंवा संकेतस्थळावर 'विंडोज ११शी सुसंगत' अशी ओळही असते. मात्र त्या ओळीचा अर्थ इतकाच, की ते सॉफ्टवेअर या कार्यप्रणालीवर सुरू होईल. आपला कॅमेरा, आपले कॅप्चर कार्ड, आपली पाच वर्षांपूर्वीची प्रोजेक्ट आणि आपली मराठी शीर्षके यांच्याशी ते जुळवून घेईल की नाही, याविषयी ती ओळ मौन पाळते. निवड खरी तेथे करायची असते.

पुरवून आलेले आणि काढून घेतलेले

विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबण्याची सवय आपल्याला 'मूव्ही मेकर'ने लावली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर ते घरोघरी पोहोचले. वाढदिवसाची पाच मिनिटांची फिल्म करून तिला गाणे जोडणे कोणालाही जमू लागले. २००९ साली विंडोज ७ आली तेव्हा मूव्ही मेकर तिच्यासोबत नव्हते, ते वेगळे उतरवून घ्यावे लागे. जानेवारी २०१७ मध्ये तीही सोय अधिकृतपणे बंद झाली. आज 'मूव्ही मेकर' या नावाने इंटरनेटवर जे अनेक कार्यक्रम दिसतात, त्यांचा मायक्रोसॉफ्टच्या त्या मूळ सॉफ्टवेअरशी संबंध असेलच असे नाही. नाव ओळखीचे दिसले म्हणून ते उतरवून घेण्याची घाई करू नये.

विंडोज ११ मध्ये त्या जागी 'क्लिपचॅम्प' आहे. ही मूळची ऑस्ट्रेलियन कंपनी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२१ मध्ये विकत घेतली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची दहा मिनिटांची फिल्म, गणपतीची छायाचित्रे, समाजमाध्यमांवर टाकायची छोटी चित्रफीत यांसाठी ते पुरेसे आहे आणि १०८० पी दर्जापर्यंतची फाइल त्यातून विनामूल्य काढता येते. मात्र त्याचा पिंड ब्राउझरचा आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि इंटरनेटची साथ लागते. तीन कॅमेऱ्यांवर चित्रित केलेले चार तासांचे लग्न त्याच्या गळ्यात मारणे हा त्याच्यावरही अन्याय ठरेल.

अडते कोठे?

विंडोज ११ ही केवळ ६४ बिटची कार्यप्रणाली आहे. यावरून अनेकांचा समज होतो की जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर तिच्यावर चालतच नाहीत. हा समज बरोबर नाही, त्यांपैकी बरीच चालतात. अडतात ते ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि बाहेरचे यंत्र यांच्यातील दुभाषे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही आणि डिजिटल स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला ती दारातच अडवते. त्यामुळे २००५ च्या आसपास हौसेने घेतलेले कॅप्चर कार्ड किंवा सॉफ्टवेअरसोबत आलेला कुलूपवजा डोंगल नव्या संगणकावर निर्जीव होतो. सॉफ्टवेअर उघडते, परंतु कॅमेऱ्याचे चित्र काही पडद्यावर येत नाही. कार्ड पीसीआय पद्धतीचे असेल तर प्रश्न ड्रायव्हरपर्यंतही जात नाही, कारण ते बसवायची खाचच नव्या मदरबोर्डांवर सहसा नसते.

येथे एका उघड गुपिताचा उल्लेख टाळता येणार नाही. अनेक लहान स्टुडिओंमध्ये विनापरवाना प्रती वापरल्या जातात. त्यातील काही प्रती डोंगलची नक्कल करणाऱ्या छुप्या ड्रायव्हरवर चालतात. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा व्यवस्था अशा ड्रायव्हरना रोखते. मग ही व्यवस्थाच बंद करा, असा सल्ला देणारे भेटतात. ज्या संगणकावर ग्राहकांच्या लग्नाच्या एकमेव प्रती आहेत, त्याच संगणकाचे दार असे उघडे ठेवणे किती शहाणपणाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अधिकृत परवाना घेतलेल्यांनाही निर्धास्त राहता येत नाही. जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर टाकताना कंपनीच्या सर्व्हरकडून त्याचे सक्रियीकरण करून घ्यावे लागते आणि हे सर्व्हर कायम चालू राहत नाहीत. ॲडोबीने 'सीएस २' या मालिकेची अशी व्यवस्था २०१३ च्या सुमारास बंद केली. त्याच वर्षापासून कंपनीने आपली वाट वर्गणीकडे वळवली आणि एकदाच पैसे भरून कायमचे घ्यायचे प्रीमियर प्रो 'सीएस ६'पाशी थांबले. याच पंगतीत 'क्विकटाइम'ही आहे. जुनी कित्येक संपादन सॉफ्टवेअर एमओव्ही फाइल वाचण्यासाठी त्याच्यावर अवलंबून होती. ॲपलने २०१६ मध्ये विंडोजवरील क्विकटाइमला वाऱ्यावर सोडले आणि सुरक्षेतील त्रुटींमुळे ते काढून टाकण्याचा सल्ला तज्ज्ञांनी दिला.

मॅकिंटॉश वापरणाऱ्यांनी हसू नये. २०११ साली फायनल कटची नवी आवृत्ती आली तेव्हा ती आदल्या आवृत्तीची प्रोजेक्ट उघडूच शकत नव्हती. २०१९ च्या 'कॅटलिना'ने ३२ बिटच्या सर्व कार्यक्रमांना रजा दिली, तर २०२५ च्या 'टाहो'ने फायरवायरला.

'वऱ्हाड' लिहून पाहा

सॉफ्टवेअरच्या तुलनेचे रकानेच्या रकाने इंग्रजीत उपलब्ध आहेत, पण त्यांत मराठी माणसाच्या कामाचा एक प्रश्न कोठेच सापडत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शीर्षक नीट उमटते का?

देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात अर्धे अक्षर आपला आकार बदलते. हे सर्व सांभाळणारे अक्षरजुळणीचे यंत्र सॉफ्टवेअरच्या पोटात असावे लागते. ते नसेल तर 'शिक्षण'मधील वेलांटी 'श'च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. मराठीसाठी तर 'वऱ्हाड' हा एकच शब्द कसोटीला पुरे. त्यातील आडव्या वळणाचा 'र' बरोबर उमटला तर बहुतेक गोष्टी ठीक आहेत असे समजावे. त्या जागी 'ह'च्या डोक्यावर रफार दिसला, तर लग्नाच्या फिल्ममध्ये वऱ्हाडी मंडळींची अवस्था काय होईल ते सांगायला नको.

पूर्वी ही अडचण जाणवत नसे, कारण श्रीलिपीसारख्या पॅकेजमधील फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. सॉफ्टवेअरला वाटे की आपण इंग्रजीच दाखवतो आहोत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर जुन्या प्रोजेक्टमधील 'शुभविवाह' या शब्दाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. म्हणून जुन्या संगणकातील फॉन्टच्या फाइल आधी जपून ठेवाव्यात. नव्या कामासाठी मात्र युनिकोड फॉन्टच घ्यावा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला 'मंगल' आपल्याला परिचित आहेच. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' हे विनामूल्य फॉन्ट पडद्यावर अधिक देखणे दिसतात, हे या प्रतिनिधीचे वैयक्तिक मत.

प्रीमियर प्रोमध्ये 'ग्राफिक्स'च्या पसंतीक्रमात 'दक्षिण आशियाई व मध्यपूर्व' हे अक्षरयंत्र निवडावे लागते. ते न निवडताच 'यात मराठी चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. 'केडीईएनलाइव्ह' आणि 'शॉटकट' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी साधारणपणे विनातक्रार उमटते. काहीच जमले नाही तरी एक हुकमी उपाय आहे. शीर्षक 'इंकस्केप' किंवा 'गिंप'मध्ये तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढावी आणि ती चित्राप्रमाणे फिल्मवर ठेवावी.

मग घ्यावे कोणते?

सरधोपट उत्तर देणे शक्य नसले तरी दिशा सांगता येते. हौशी माणसाने पैसे खर्च करण्यापूर्वी शॉटकट आणि केडीईएनलाइव्ह ही दोन्ही वापरून पाहावीत. ८ जीबी रॅमच्या साध्या संगणकावरही त्यांत घरगुती काम होते. त्यांना वर्गणी नाही आणि सक्रियीकरणाचा सर्व्हरही नाही, त्यामुळे जपून ठेवलेली प्रत पुढेही टाकता येते.

ज्याला रंगदुरुस्तीची आवड आहे आणि ज्याच्या संगणकात चांगले ग्राफिक्स कार्ड आहे, त्याने 'दा विंची रिझॉल्व्ह'कडे वळावे. ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ साली दा विंची ही कंपनी घेतली. आज तिच्या विनामूल्य आवृत्तीत अल्ट्रा एचडीपर्यंतचे काम होते. मात्र १६ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर या वाटेला जाऊ नये. नव्या कॅमेऱ्यांच्या १० बिटच्या काही फाइल विनामूल्य आवृत्ती उघडत नाही, तेव्हा आपल्या कॅमेऱ्याची फाइल आधी टाकून पाहावी. ज्यांनी विंडोज सोडून लिनक्सची वाट धरली, त्यांनी ध्यानात ठेवावे की रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती तेथे नेहमीच्या एच.२६४ फाइलही वाचत नाही.

वर्षानुवर्षे 'एडियस'वर हात बसलेल्या लग्न-व्यावसायिकाने केवळ फॅशन म्हणून ते सोडू नये. कॅनोपस या जपानी कंपनीचे आणि पुढे ग्रास व्हॅलीकडे गेलेले हे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते आणि लांबलचक समारंभ वेगाने कापण्यात आजही तरबेज आहे. मात्र जुनी आवृत्ती ओढून-ताणून नव्या संगणकावर बसवण्यापेक्षा विंडोज ११साठी जाहीर झालेली आवृत्ती घेणे इष्ट. प्रीमियर त्यांनी घ्यावे, ज्यांचे ग्राहक किंवा सहकारी प्रीमियरचीच प्रोजेक्ट मागतात. दर महिन्याची वर्गणी लग्नसराई संपल्यावरही चालूच राहते, हे हिशेबात धरावे.

यांतील प्रत्येक सॉफ्टवेअर आधी तपासून पाहता येते, काही विनामूल्य तर काही चाचणी आवृत्तीत. तपासणी कंपनीच्या नमुना फाइलवर न करता आपल्या सर्वांत त्रासदायक फाइलवर करावी. मोबाइलवरील चित्रण ही त्यातली हमखास त्रासदायक फाइल. मोबाइल दर सेकंदाला काटेकोर तितक्याच चौकटी टिपत नाही, त्यामुळे अर्ध्या तासाच्या भाषणात आवाज हळूहळू ओठांच्या पुढे किंवा मागे पडू लागतो. 'हँडब्रेक' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा चौकटींचा वेग स्थिर करून घेतला की हे दुखणे बहुधा थांबते. आयफोनच्या एचईव्हीसी फाइलसाठी विंडोजला कधी कधी स्टोअरमधून अल्प शुल्काचा वेगळा कोडेक घ्यावा लागतो.

जुन्या प्रोजेक्टचे काय?

एका सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट दुसऱ्यात जशीच्या तशी उघडत नाही. एक्सएमएल, ईडीएल यांसारख्या फाइल काढता येतात, त्यातून कोठे कापले एवढे कळते. शीर्षके, इफेक्ट आणि रंग बहुधा मागे राहतात. एकाच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडून साठवलेली प्रोजेक्टही साधारणतः जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून ज्या कामाची पुन्हा मागणी होऊ शकते, त्याची उत्तम दर्जाची संपूर्ण फाइल जुन्या संगणकावरच काढून घ्यावी आणि प्रोजेक्टची मूळ प्रत न उघडता बाजूला ठेवावी.

या प्रतिनिधीच्या घरी बहिणीच्या २००८ सालच्या लग्नाच्या चार मिनी डीव्ही कॅसेट आहेत. नवा संगणक घेताना दुकानदाराने जुना बदल्यात घेतला, किमतीत थोडी सूटही दिली. त्या संगणकासोबत फायरवायरचे पोर्टही गेले, हे कॅसेट बाहेर काढल्या त्या दिवशी लक्षात आले. सॉफ्टवेअर कोणते निवडायचे याचा ऊहापोह तोवर यथासांग झाला होता. ज्यात टाकायचे ते हाताशी होते, जे टाकायचे ते फितीवरच अडकले होते. पीसीआय एक्स्प्रेसचे फायरवायर कार्ड बसवून काही डेस्कटॉपवर विंडोज ११ मध्येही हे काम करता येते, घरातल्या नव्या लॅपटॉपवर मात्र ती सोय नाही. अखेरीस एका स्नेह्याचा माळ्यावर पडलेला एक्सपीचा संगणक उसना आणला.

मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा लागते. चार कॅसेटना एक रविवार पुरला. तिसऱ्या कॅसेटच्या मध्यावर चित्र काही क्षण तुटते, बाकी फीत शाबूत आहे. उसना संगणक इंटरनेटला न जोडता, फक्त बाहेरच्या हार्डडिस्कवर फाइल काढून परत केला. चारही फाइल शॉटकटमध्ये उघडल्या असून 'वऱ्हाड' हा शब्दही बरोबर उमटतो आहे.