फिरता ठोकळा आणि सायनचे कोष्टक

पडद्यावर गरगर फिरणारा ठोकळा तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. साध्या मोबाइललाही तो फिरवणे आज जड जात नाही. पण १९८३ साली बाजारात आलेल्या पीसी-एक्सटी जातीच्या संगणकाला हेच काम सांगितले तर? मुंबईत संगणकाच्या पडद्यावर आकृती उमटणे त्याहूनही जुने आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकालाही आलेख दाखवणारी कॅथोड किरण नलिका जोडलेली होती.

पूर्व उपनगरातल्या आमच्या महाविद्यालयात असा एक एक्सटी अडगळीच्या खोलीत पडून होता. विज्ञान प्रदर्शनात त्याने काही करून दाखवले तर तो प्रयोगशाळेत राहील, नाहीतर भंगारात जाईल, असे ठरले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मुलुंड आणि घाटकोपरहून येणारे दोन विद्यार्थी मदतीला आले. पावसाळी हवेने फ्लॉप्यांवर बुरशी चढली होती, पण नशीब असे की टर्बो सी हार्ड डिस्कवर शाबूत होते.

सी भाषेतली आज्ञावली यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाषा तिचे आकडी आज्ञांमध्ये भाषांतर करतो. मग तिला आधीच तयार असलेले तुकडे जोडले जातात आणि चालवता येण्याजोगी फाइल मिळते. हे सारे बिनतक्रार झाले. पण आज्ञावली सुरू करताच ‘ग्राफिक्स सुरू झालेले नाही’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर आली! टर्बो सीवर प्रात्यक्षिके केलेल्या आमच्या पिढीला ती तोंडपाठ आहे. पडद्याशी बोलणारी फाइल कोणत्या कप्प्यात आहे, हे आज्ञावलीला नेमके सांगावे लागते. आम्ही पत्ता दुरुस्त केला.

ठोकळा दिसला, फिरूही लागला. मात्र एका फेरीला मनगटी घड्याळावर दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि तीही अडखळत. हे पाहायला प्रदर्शनात कोण थांबणार?

असे का व्हावे? या यंत्रातल्या ८०८८ प्रक्रियकाचे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके पडतात. ऐकायला आकडा मोठा आहे, पण त्याला फक्त पूर्णांकांचे गणित येते. अपूर्णांकांसाठी ८०८७ नावाचा सोबती वेगळा बसवावा लागे. आमच्या यंत्रात त्याची जागा रिकामी होती. त्यामुळे एका कोनाचे सायन काढण्यात हजारो ठोके खर्ची पडत. ठोकळ्याला कोपरे आठ. दोन अक्षांभोवती फिरवायचे, तर प्रत्येक कोपऱ्यामागे सायन आणि कोसायन मिळून चार किमती, म्हणजे एका चित्राला बत्तीस. आणि फेरीची चित्रे २५६.

“सर, कोन तर आठही कोपऱ्यांना एकच आहे. मग तेच सायन आठदा कशाला?” विद्यार्थिनीने विचारले. खरेच की! ही आज्ञावली मीच लिहिली होती.

बत्तिसाचे चार झाले, तरी अडखळणे संपेना. मग आठवले ते कोष्टक. गणिताच्या तासाला सायन आपण काढत बसत नाही, पुस्तकात पाहतो. यंत्रानेही तसेच करावे. प्रत्येक किंमत २५६ ने गुणून पूर्णांकात ठेवली: ३० अंशांचे सायन १२८, ४५ अंशांचे १८१. गुणाकार झाल्यावर २५६ ने भागायचे. दशमान पद्धतीत शंभराने भागताना आपण शेवटचे दोन अंक सोडतो, तसेच द्विमान पद्धतीत यंत्र आठ अंक सोडते. खरा भागाकार करावाच लागत नाही. वर्तुळाचेही ३६० ऐवजी २५६ भाग केले. एका बाइटमध्ये २५५ नंतर आपोआप शून्य येते, म्हणजे फेरी पुरी झाली का हे तपासायलाच नको. सगळे कोष्टक ५१२ बाइटांत मावले. आता फेरी पंचवीस सेकंदांत होऊ लागली. त्यातला बहुतेक वेळ रेघा ओढण्या-पुसण्याचा.

मग मुलांनी ठोकळा मोठा केला आणि त्याचा एक कोपरा मध्येच दुसऱ्या बाजूला उडी मारू लागला! कोपऱ्याची दोन्ही अंतरे ९५ ठिपके, कोन ४५ अंश: ९५ गुणिले १८१ अधिक तेवढेच, म्हणजे ३४,३९०. सोळा बिटांच्या पूर्णांकात मात्र जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढची संख्या ऋण होते. म्हणून उजवीकडे १३४ व्या ठिपक्यावर हवा तो कोपरा डावीकडे १२२ व्या ठिपक्यावर जात होता. कोष्टक १२८ च्या पटीत केले. अचूकपणा थोडा घटला, उड्या थांबल्या.

प्रदर्शनात ठोकळा दिवसभर फिरला. यंत्र आता वर्णपटमापकाच्या शेजारच्या टेबलावर आहे.

तुम्हाला कागदावर करून पाहता येईल. आलेखकागदावर (४०, ४०) हा बिंदू घ्या. ३० अंशांसाठी सायन १२८, कोसायन २२२. नवा क्ष म्हणजे ४० गुणिले २२२ वजा ४० गुणिले १२८, भागिले २५६. नव्या य साठी वजाच्या जागी अधिक घ्या. अपूर्णांक सोडून दिला तर १४ आणि ५४ येतात. मग तोच बिंदू कोनमापकाने फिरवा आणि दोन्हींत किती फरक पडतो ते फुटपट्टीने मोजा.